राऊंडसाहेबांचं रोपवन

आमच्या घरमालकांच्या घरात सगळ्या खुंट्या माझ्या गुडघ्याच्या उंचीवर होत्या. खोली बघायला गेले तेव्हा मला वाटलं, गवंडी पिऊन आला असावा. मग नीट बघितलं तर विजेची बटणंही तिथंच, दाराची कडीही तिथंच, पाण्याचा माठ थेट जमिनीवर आणि आरसा असा टांगलेला की त्यात मला माझ्या साडीच्या निऱ्या तेवढ्या दिसल्या. घरात लहान मुलं किती आहेत, असं मी विचारलं. घरमालक छाती काढून म्हणाले, एकही नाही. मुलगा हैदराबादला नोकरीला होता आणि त्याचं लग्न अजून व्हायचं होतं. पण उद्या नातवंडं आली तर त्यांना कोणापुढे हात पसरायला लागू नये, म्हणून ही सोय करून ठेवलेली होती.

या सोयीनं पहिल्यांदा कोणाचे हाल केले असतील तर त्यांचे स्वतःचेच. त्यांची कंबर कायम धरलेली असायची. वाकून खुंटीवरचा शर्ट काढणं जमत नसे, म्हणून त्यांनी बांबूच्या काठीला तारेचा आकडा बसवून घेतला होता आणि त्यानं ते आपला शर्ट गळाला लागलेल्या माशासारखा वर ओढत. कधी शर्ट माठात पडायचा. मग तो पिळून पुन्हा खाली, गुडघ्याच्या उंचीवर, वाळत घातला जायचा. खुंटी वर न्यावी असं काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा सुचवून बघितलं होतं म्हणे. त्यानंतर त्यांनी काही सुचवायचं सोडून दिलं.

अख्खं पोंभुर्णा त्यांना राऊंडसाहेब म्हणायचं. जंगलखात्यात वनपालाच्या हाताखाली काही वनरक्षक असतात, आणि त्या सगळ्यांचा मिळून जो मुलूख होतो त्याला राऊंड म्हणतात. साहेब वनपाल म्हणून निवृत्त झाले, पण राऊंड काही त्यांच्या अंगातून गेला नाही. आधी त्यात सागाची रोपं होती, आता गावातली पोरं आली एवढाच फरक.

मी तिथल्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. नवरा जिवतीकडच्या एका आश्रमशाळेत मास्तर. शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. पदरात साडेतीन वर्षांची लेक. तिला आम्ही छोटी म्हणायचो आणि ती कोणतंच काम स्वतः करायची नाही. भरवल्याशिवाय जेवायची नाही, कडेवर घेतल्याशिवाय अंगण ओलांडायची नाही. चप्पल घालायची वेळ आली की ओट्यावर ऐटीत बसायची आणि पाय पुढे करायची. मी घालायचेही. दिवसभर लोकांची बोटं टोचून रक्त काढणाऱ्या बाईला घरी आल्यावर असे इवलेसे पाय हातात घ्यायला बरं वाटतं.

साहेबांनी हे दुसऱ्याच दिवशी पाहिलं. अंगणातून जाता जाता थांबले, छोटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हात नाई का तिले?" ते म्हणाले.

हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. गावातल्या प्रत्येक आईनं तो एकदा तरी ऐकलेला होता आणि प्रत्येकीनं मनातल्या मनात त्याचं एकच उत्तर दिलेलं होतं, जे इथं लिहिता येत नाही.

या प्रश्नामागे मोठं शास्त्र होतं. सागाची जडी म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की आज मला कोणी परीक्षेला बसवलं तर मी पहिली येईन. नर्सरीत वाढवलेलं रोप उपटायचं. शेंडा छाटायचा, बाजूची बारीक मुळं तासून टाकायची. उरतो तो बोटभर जाडीचा खुंट, तीच जडी. पावसाच्या तोंडावर पहारीनं भोक पाडायचं, जडी खोचायची, टाचेनं माती दाबायची आणि मागे वळून न बघता पुढच्या खड्ड्याकडे जायचं. पहिल्या वर्षी निंदणी जास्त, दुसऱ्या वर्षी कमी, तिसऱ्या वर्षी नावापुरती. चौथ्या वर्षी त्या रोपवनाकडे सरकार ढुंकून बघत नाही. सरकार बघत नाही तर माय काऊन बघते, असा साहेबांचा सवाल होता. सागाला सावली चालत नाही, डोक्यावर उघडं आभाळ लागतं. लेकराच्या डोक्यावर मायचा पदर आला की ते खुरटलं म्हणून समजा. माणसाच्या पोराला आणि सागाच्या खुंटाला एकच नियम लावताना काही गफलत होत असेल, ही शंका त्यांना नोकरीत कधी आली नव्हती. पेन्शनीत येण्याचा प्रश्नच नव्हता.

गावाबाहेर त्यांनी लावलेलं एक रोपवन होतं. ते दाखवल्याशिवाय साहेब भाडेकरूच्या हातात खोलीची किल्ली देत नसत. मलाही भर उन्हात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फिरवलं होतं. छोटी अर्थातच माझ्या कडेवर. प्रत्येक ओळीच्या टोकाला ते थांबायचे आणि म्हणायचे, एक खड्डा रिकामा दाखवा. मी घामानं निथळत होते. रिकामा खड्डा दिसला असता तर मी त्यात बसले असते. पण खरंच एकही रिकामा नव्हता. गावात साहेबांना अर्धवट म्हणणारे पुष्कळ होते, पण तेही म्हणायचे, की बाकी काही असो, बुढ्यानं नोकरी इमानदारीनं केली. हे ऐकलं की साहेबांची धरलेली कंबर थोडा वेळ सरळ व्हायची.

एकदा आठवडी बाजारात एक बाई सहा-सात वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन वांगी निवडत होती. साहेबांनी तिची वाट अडवली आणि एवढा मोठा घोडा कडेवर काऊन, असं चारचौघांत विचारलं. भाऊ, त्याचा पाय मोडला हाये, असं म्हणून तिनं पदर बाजूला करून प्लास्टर दाखवलं. दुसरा कोणी असता तर ओशाळून निघून गेला असता. साहेबांनी प्लास्टर निरखून बघितलं आणि दुसरा पाय तर शाबूत आहे ना, अशी चौकशी केली. बाईनं पुढे काय उत्तर दिलं ते वांगी विकणाऱ्यानं मला सांगितलं नाही. दवाखान्याच्या मॅडमसमोर बोलायची त्याला लाज वाटली.

लग्नात त्यांना बोलावायचं म्हणजे यजमानांच्या जिवाला घोर. पंगत बसली की हे कडेकडेनं फिरायचे आणि कोणती आई कोणत्या पोराच्या तोंडात घास घालते यावर डोळा ठेवायचे. एका लग्नात नवरदेवाच्या मावशीनं त्यांचं सगळं व्याख्यान शांतपणे ऐकून घेतलं आणि हातातला बुंदीचा घास पोराऐवजी त्यांच्याच तोंडात कोंबला. लग्नघरचं अन्न थुंकता येईना आणि तोंड भरल्यामुळे बोलताही येईना. ती पंगत मोठ्या सुखात जेवून उठली, असं लोक अजून सांगतात.

आता एवढ्या स्वावलंबी माणसाच्या स्वतःच्या घरी काय चालायचं, ते मी एका विटेच्या भिंतीपलीकडून रोज ऐकत होते. सकाळी साहेब पलंगावर बसूनच 'पाणी' म्हणायचे. मग 'मंजन', मग 'टॉवेल', मग 'चहा'. काकू एकेक वस्तू आणून हातात द्यायच्या. छोटीनं एकदा अगदी निरागसपणे त्यांना विचारलं, की आजोबा, तुम्हाले हात नाई का. साहेब तसेच उठून आत गेले. मला वाटलं, सुधारले. दुसऱ्या दिवशी खुलासा आला. रोपटं वेगळं आणि तयार झाड वेगळं. रोपट्यानं आपलं आपण जगायचं असतं, पण तयार झाडाला वनरक्षक लागतो, नाहीतर लोक तोडून नेतात. साहेबांना तोडून नेण्यात कोणाला रस होता ते मला कळलं नाही. वनरक्षक काकू तेव्हा त्यांच्यासाठी आंघोळीचं पाणी काढत होत्या.

दवाखान्यात साखर तपासायला आले तेव्हा तर सुई बोटाला लागायच्या आधीच डोळे मिटून काकूंचा पदर मुठीत धरून बसले. बाहेर बाकावर बसलेली पोरं टकामका बघत होती. हात नाई का, असं मी विचारलं नाही. सुई माझ्या हातात होती, तेवढा मोठेपणा मला परवडत होता.

हे सगळं मी हसण्यावारीच नेलं असतं. पण त्या पावसाळ्यात सासूबाईंचे फोन सुरू झाले. सासूबाई वरोऱ्याला थोरल्या दिराकडे राहायच्या. तिथं जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं. पावसाळ्यात तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला की सासूबाई संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला जायच्या आणि वाचन संपल्यावर, मन शांत झालं की, मला फोन करून माझं मन अशांत करायच्या. छोटी आज हातानं जेवली का, हा पहिला प्रश्न. नाही म्हटलं की पलीकडून एक सुस्कारा यायचा. एके दिवशी सुस्काऱ्यावर भागलं नाही.

"तू दिवसभर ड्युटीवर, तो तिकडं डोंगरात," त्या म्हणाल्या. "पोरगी परक्याच्या ओट्यावर वाढून राह्यली. तिले पाहाले कोणी नाई. वर्षावास संपला का मी येतो अन् तिले वरोऱ्याले घेऊन जातो."

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, आई म्हणते ते काही चूक नाही. मी रडायला लागले, तेव्हा म्हणाला, तू म्हणते तेही काही चूक नाही. आश्रमशाळेत उत्तरपत्रिकाही तो अशाच तपासत असणार. त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता. उशीवर चिडल्यासारखं व्हायचं. मला छोटी माझ्याजवळ हवी होती. दमून घरी आल्यावर तिच्या केसांचा वास हवा होता. यापलीकडे मला काही सांगता येत नव्हतं, आणि एवढं सांगून सासूबाईंना पटणार नव्हतं.

भिंत एका विटेची, त्यामुळे माझं रडणं साहेबांपर्यंत पोचलं. सकाळी ते दारात उभे. पोरगी माझ्या हवाली करा, म्हणाले. वर्षावास संपेपर्यंत अशी तयार करून देतो की तपासणीला कोणीही येऊ द्या. पोरगी आपलं आपण सगळं करते हे सासूबाईंनी डोळ्यांनी बघितलं की न्यायचं कारणच उरणार नाही. मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर दुसरा कोणी मदतीला आलाच नव्हता.

छोटी सकाळी अंगणवाडीत जायची आणि दुपारपासून मी येईपर्यंत साहेबांच्या ओट्यावर असायची. तिथं तिचं रोपवन सुरू झालं. पहिले काही दिवस वरण ताटात कमी आणि जमिनीवर जास्त. भाताची शितं तिच्या कानात सापडायची. फ्रॉक उलटा, चपला उलट्या, आणि मी सरळ करायला गेले की साहेब ओरडायचे, "राहू द्या, पाय सांगन तिले." पायानं सांगायला बराच वेळ घेतला. तोवर ती बदकासारखी चालायची आणि साहेब मागून कौतुकानं बघायचे. ज्या खुंट्यांना मी हसले होते त्यांवर ती आपला फ्रॉक अडकवायला लागली. अख्ख्या घरात त्या खुंट्यांचा उपयोग होणारी ती एकटीच.

मी चोरून भरवायचे. दार लावून, टीव्हीचा आवाज वाढवून, चार घास. आई आहे मी. दुसऱ्या दिवशी साहेब छोटीला पंजा दाखवायला सांगायचे. उजव्या हाताच्या नखांच्या कडेला वरणातल्या हळदीचा पिवळेपणा नसला की त्यांना सगळं कळायचं. मग खिडकीशी येऊन, अवैध तोड झाली मॅडम, असं जाहीर करायचे आणि रीतसर पंचनामा सुरू: किती घास, कोणी भरवले, त्या वेळी जागेवर कोण हजर होतं. सागाची चोरी पकडण्यात ज्यांची हयात गेली त्यांच्यापुढे माझ्यासारख्या नवशिक्या चोराचं काय चालणार. मी चारदा पकडले गेले आणि मग हात आखडता घेतला.

आणि पोरगी शिकली. हे मी मोठ्या नाइलाजानं लिहितेय. एक दिवस मी मोरीत तिच्या अंगावर पाणी घालायला गेले तर तिनं माझ्या हातातून मग घेतला आणि मला बाहेर जायला सांगितलं. मला आनंद झाला. मोरीच्या दाराबाहेर उभी राहून मी तिचं पाणी उडवणं ऐकत होते आणि माझे हात रिकामे होते, तेही मला कळत होतं. पण वर्षावास संपत आला होता, तेव्हा हातांचं दुःख करत बसायला सवड नव्हती.

शेवटचा धडा एकटीनं अंगणवाडीत जाण्याचा होता. मी हादरले. दोन गल्ल्या आणि एक हातपंप एवढंच अंतर, पण मध्ये कुत्री, बैल, मोटरसायकली. साहेब म्हणाले, काळजी करू नका, मी नजर ठेवतो, तिले पत्ता लागणार नाई. आयुष्यभर जंगलात लपून लाकूडचोर पकडलेला माणूस, म्हणून मी मान्य केलं. त्या दिवशी गावानं जे पाहिलं ते गाव विसरलेलं नाही. पुढे छोटी, हातात डबा. मागे साहेब, विजेच्या खांबाआड. खांब वीतभर रुंद आणि साहेब चांगले अंगानं भरलेले. एका खांबाआडून दुसऱ्या खांबाआड जायचे, मध्ये कंबर धरून थांबायचे. छोटी प्रत्येक वळणावर उभी राहून त्यांची वाट बघत होती. हातपंपापाशी तर तिनं, आजोबा, लवकर चला ना, अशी हाक मारली. पंपावरच्या बायका हंडे सोडून हसायला लागल्या. संध्याकाळी साहेबांनी मला अहवाल दिला, की पोरगी पूर्ण रस्ता एकटी गेली, मागं वळून सुद्धा पाह्यलं नाई.

वर्षावास संपला आणि सासूबाईंनी येत्या रविवारी निघते म्हणून कळवलं. मोठे साहेब येणार असले की जंगलखात्यात रस्त्याकडेच्या दगडांना चुना फासतात आणि झाडांना गेरूचे पट्टे मारतात. शनिवारी साहेबांनी आमच्या अंगणातल्या सगळ्या दगडांना चुना फासला. पेरूच्या झाडाला गेरूचा पट्टा आला. कोंबड्यांच्या खुराड्यालाही आला. नवरा शनिवारी संध्याकाळी घरी पोचला तेव्हा चुकीच्या दारात आलो की काय म्हणून परत फिरत होता.

रविवारी सासूबाई एसटीनं आल्या. हातात एक मोठी पिशवी होती, रिकामी. छोटीच्या कपड्यांसाठी आणलेली. जयभीम झाला, चहा झाला, आणि साहेब पांढरा शर्ट घालून हजर झाले. त्यांच्या एका खुणेसरशी छोटी कामाला लागली. आंघोळ केली, फ्रॉक घातला, सरळ. केसांना फणी लावली. चपला बरोबर पायांत घालून अंगणात एक चक्कर मारली. मग आम्ही सगळे जेवायला बसलो, साहेब आणि काकूही होते. छोटीनं वरण-भात स्वतः वाढून घेतला, कालवला आणि एक शीत न सांडता जेवायला लागली. साहेब मान डोलावत होते. मला सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघायचा धीर होत नव्हता, पण मी बघितलं. त्यांचा घास हातातच राहिला होता. मग त्या हसल्या, आणि मला वाटलं, जिंकलो.

"हे तं लईच चांगलं झालं बापा," त्या म्हणाल्या. "थोरली सून म्हणे, भरवाचं अन् धुवाचं असन तं मी करणार नाई, माये दोन मले पुरे आहे. अन् मी करावं तं माये गुडघे गेले. रस्ताभर मले तेच टेन्शन होतं, का नेऊन करणार काय. आता हे आपलं आपण सारंच करते, तं नेयाले काई अडचणच नाई. हिले आता माय नसली तरी चालते."

ज्या गोष्टीनं पोरगी माझ्याजवळ राहणार होती, तिच्यामुळेच ती नेण्याजोगी झाली होती. तिचं सामान आम्हीच बांधून ठेवलं होतं. मी म्हणाले, आई, राहू द्या तिला माझ्याजवळ. त्या रागावल्या नाहीत. तुयाच भल्याचं सांगून राह्यलो ना, असं समजुतीनं म्हणाल्या. नवऱ्यानं ताटातल्या वांग्याकडे बघत, आई म्हणते ते काही, एवढं म्हटलं आणि पुढचं गिळलं. मी रडत होते आणि ते लपवायचं मला भान नव्हतं.

सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं, कारण ही करामत त्यांची. मी तर आशाच सोडली होती. तयार झालेलं रोप नर्सरीत ठेवत नाहीत, उचलून दुसरीकडे लावतात, हे मी त्यांच्याच तोंडून किती वेळा ऐकलं होतं. तेच ते आता म्हणणार आणि सासूबाईंच्या पिशवीत स्वतःच्या हातानं कपडे भरणार. ते छोटीकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. मग पाणी प्यायले.

"बाई, तुम्हाले एक खरं सांगतो," ते म्हणाले. "हे सारं खोटं आहे. मी जंगलखात्यातला माणूस. मोठा साहेब पाहाले येणार असला का मेलेल्या रोपाच्या खड्ड्यात हिरवी फांदी तोडून खोचाची. त्या दिवशी रोपवन हिरवंगार दिसते, साहेब खूश होऊन जाते. तिसऱ्या दिवशी सारं सुकते. नोकरीभर मी हेच केलं. आज हे पोरगी तशीच खोचून ठेवली तुमच्यापुढं."

नवऱ्याच्या तोंडून त्या दिवशीचं एकमेव धड वाक्य निघालं, आणि तेही नेमकं नको तेव्हा. साहेब, पण तुमचं रोपवन तर उभं आहे, असं तो म्हणाला.

"ते एक दाखवाले ठेवलं," साहेब म्हणाले. "बाकीचे पाहाले कोण जाते?"

काकूंचा हात ताटातच थांबला. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. आज सकाळपासून घोकून घेतलं म्हणून पोरगी चालली, उद्या पुन्हा कडेवर बसते, असं ते सासूबाईंना सांगत होते. खरं वाटत नसेल तर आत्ताच पाहा, म्हणाले, आणि छोटीच्या ताटात हात घातला. मोठाल्या बोटांनी भात कालवला आणि घास वळला. त्यांनी कधी कोणाला भरवलंच नव्हतं, तेव्हा तो घास चांगला लिंबाएवढा झाला आणि वरण त्यांच्या मनगटावरून पांढऱ्या शर्टाच्या बाहीत चाललं. तो त्यांनी छोटीच्या तोंडापुढे धरला.

छोटीनं घासाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. ती नको म्हणाली असती, आजोबा मी जेवते म्हणाली असती, तर सगळं संपलं असतं. तिनं भला मोठा आ केला. घास आत गेला, अर्धा बाहेर आला, साहेबांनी तो पुन्हा आत सारला. दुसऱ्या घासाला ती स्वतःचे दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्या गुडघ्याला रेलली.

सासूबाईंनी पोरीकडे बघितलं, त्या बाहीकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे. त्यांना काय समजलं आणि काय नाही, ते मला आजपर्यंत विचारायचं धाडस झालेलं नाही.

"मंग राहू द्या," त्या म्हणाल्या. "अजून कच्ची आहे पोरगी. राहू द्या मायजवळच."

जेवण उरकून त्या लगेच निघाल्या, परतीची गाडी होती. नवरा त्यांना सोडायला स्टँडवर गेला आणि स्टँडवर बसून त्यानं ही फांद्यांची गोष्ट कोणाला तरी सांगितली. गप्प बसायचं तेव्हा बोलायची त्याला खोडच आहे. दोन दिवसांत ती गावभर झाली. बुढ्यानं नोकरी इमानदारीनं केली म्हणणारे आता, बघा, हाही तसलाच निघाला, असं म्हणायला लागले. पानठेल्यावरची टवाळ पोरं साहेब जाताना दिसले की कडुनिंबाची डहाळी तोडून रस्त्याच्या कडेला खोचायची. साहेबांनी कधी खुलासा केला नाही. नव्या भाडेकरूला रोपवन दाखवायला नेणंही त्यांनी बंद केलं.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी मी आणि काकू मोरीत ताटं घासत होतो. काकू, साहेब खरंच खोचायचे का फांद्या, मी विचारलं. काकूंनी ताट विसळून बाजूला ठेवलं.

"एक बी नाई," त्या म्हणाल्या. "मोठ्या साहेबानं सांगतलं होतं, खोच म्हणून. यायनं नाई खोचली. म्हणून तं प्रमोशन गेलं, अन् आमची उभी हयात आडजंगलात गेली. तेच एक होतं त्यायच्याजवळ लोकाले सांगासारखं."

एसटी गावाबाहेर पडल्याचा हॉर्न वाजला. मी हात पुसत बाहेरच्या खोलीत आले. साहेब होते तिथंच बसले होते, एक हात कंबरेवर, बाही कोपरापर्यंत पिवळी झालेली, आणि छोटीला भरवत होते. बघायला आता तिथं कोणी नव्हतं.

"साहेब, गाडी गेली," मी म्हणाले.

"ऐकू आली मले," ते म्हणाले आणि त्यांनी पुढचा घास वळायला घेतला.